फोटोतली समोरची

अश्लेषा लांजेवारला सायकल शिकवली ती ट्रकांनी, असं तिची आई रुख्मिणी सांगते, आणि सांगताना अजूनही तिच्या कपाळाला आठी पडते.

नागपूरजवळच्या वाडीला राहायचं म्हणजे अमरावती रोडवर राहायचं. दिवसभर ट्रक. अश्लेषाच्या वडिलांचं, वामनरावांचं, ट्रकांना लागणाऱ्या ताडपत्र्यांचं आणि दोरांचं दुकान होतं, त्यामुळे घरात गप्पाही ट्रकांच्याच. कॉलेज शहरात आणि अश्लेषा जायची सायकलने. एक दिवस समोरून एवढा वारा होता की पायडल पुढे जाईना. तेवढ्यात एक ट्रक हळूहळू शेजारून पुढे गेला, ती त्याच्या मागे सरकली आणि वारा कुणी बटण दाबून बंद करावा तसा बंद झाला. तिला फार गंमत वाटली. मग तिला ती सवयच लागली. मागच्या फळीवर लिहिलेलं असे, ‘सुरक्षित अंतर ठेवा’, आणि ते ती हातभर अंतरावरून वाचत कॉलेजला पोचत असे.

हा उद्योग पुढे घरी कळला तो शेजारच्या चंद्रभानमुळे. चंद्रभानचं मोठं गोदाम होतं, स्वतःचे ट्रक होते, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीत त्याचं लक्ष होतं.

‘‘वामनभाऊ,’’ दुकानाच्या पायरीवर बसत तो म्हणाला, ‘‘तुमची पोट्टी माह्या ट्रकले चिटकून येऊन राहिली. ड्रायव्हर म्हणते, आरशात दिसत नाही, पन घंटी ऐकू येते. एखाद दिवशी मालासंगं तिचीबी बिल्टी फाडा लागन.’’

वामनरावांनी मुलीला रागावण्याचा प्रयत्न केला, पण तो त्यांना कधी जमत नसे. शेवटी ते तिला मुकुंद देशकर सरांकडे घेऊन गेले. सर सकाळी शहरातल्या मुलांना शर्यतीची सायकल शिकवायचे. महिन्याभराने वामनरावांनी विचारलं, तर सर जरा कोड्यात पडलेले.

‘‘दम आहे हो पोरीत. पण पुढे जायची हिला घाईच नाही. दुसऱ्याच्या मागे बसते काय सुंदर! आणि कुणाला दम लागला की आपण होऊन त्याच्यापुढे येते आणि वारा अडवते. हे मी शिकवलेलं नाही.’’

‘‘हे चांगलं का वाईट?’’ वामनरावांनी विचारलं.

‘‘इथे वाईट,’’ सर म्हणाले. ‘‘परदेशात यालाच नोकरी देतात.’’

सर गमतीत बोलले होते, पण झालं तसंच. अश्लेषा राज्याकडून खेळली, राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा दुसरी आली, एकदा चौथी. मग आशियातल्या एका शर्यतीत एका डच संघाच्या प्रशिक्षकाने तिला पाहिलं. त्याला जिंकणारी मुलगी नकोच होती. जिंकणारी त्याच्याकडे होती, तिचं नाव लीस. त्याला लीससाठी वारा अडवणारी मुलगी हवी होती. अश्लेषाने करारावर सही केली आणि रुख्मिणीने बांधून दिलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या घेऊन ती विमानात बसली.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली, कारण अश्लेषा तिकडे नेमकं काय करते हे वाडीला समजावून सांगायचं काम वामनरावांकडे आलं.

रस्त्यावरच्या शर्यतीत संघ सहा जणींचा असतो, पण जिंकायचं एकीने. बाकीच्या पाच जणी तिला वाऱ्यापासून वाचवतात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, कुणी पुढे पळालं तर पाठलाग करून पकडून आणतात आणि शेवटी दमून मागे पडतात. अश्लेषा या पाचांतली. हे काम ती फार चांगलं करायची. पाठीवर, पोटावर, सदऱ्याच्या आत सात-सात, आठ-आठ बाटल्या खोचून ती घोळक्यातून वर यायची तेव्हा तिकडचे टीव्हीवाले खास तिला दाखवायचे. पण शर्यत संपली की निकालात तिचं नाव एक्क्याऐंशीवं नाहीतर एकशे चारावं.

सुरुवातीला वामनराव इमानदारीने सांगत.

‘‘कितवा नंबर आला मंग?’’ चंद्रभान विचारी.

‘‘एक्क्याऐंशी. पन तिच्या संघाची पोरगी पयली आली. आपली अशू तिले पानी देते.’’

‘‘पानी देते?’’

‘‘हो.’’

‘‘पानी द्यायले येवढ्या दूर गेली? अन् घरी तुमी सोता उठून माठातलं पानी घेता!’’

दुकानात बसलेले चार ड्रायव्हर हसत. वामनराव मग वाऱ्याचं सांगू लागत, तोपर्यंत कुणाचा तरी दोर मोजून व्हायचा, कुणाचा तरी फोन वाजायचा, आणि समजावणं अर्धवट राहायचं. रात्री जेवताना ते रुख्मिणीला म्हणत, ‘‘लोकायले कायी समजतच नाही.’’ रुख्मिणी म्हणे, ‘‘तुमाले तरी समजते का?’’

मग आला तो फोटो.

वसंतातली एक मोठी शर्यत लीसने जिंकली. अश्लेषाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आम्ही जिंकलो!’ फोटोत समोर लीस, दोन्ही हात वर. मागे बऱ्याच अंतरावर, बोटाच्या पेराएवढी अश्लेषा, तिचाही एक हात वर. दोघींचा सदरा तोच, हेल्मेट तेच, काळा चष्मा तोच. वामनरावांना राहवेना. त्यांनी तो फोटो चंद्रभानला दाखवला.

‘‘अरे बापरे!’’ चंद्रभान उठूनच उभा राहिला. ‘‘हे समोरची आपली अश्लेषा ना?’’

वामनरावांना ‘नाही’ म्हणायचं होतं. नंतर त्यांनी घरी शपथेवर सांगितलं की तोंडात ‘नाही’च होतं. पण चंद्रभानचा चेहरा इतका उजळला होता, आणि दुकानातले ड्रायव्हर पहिल्यांदाच हसत नव्हते. ते म्हणाले, ‘‘हो.’’

एवढंच. एक ‘हो’.

त्याच आठवड्यात वाडी नाक्यावर फ्लेक्स लागला. दुमजली घराएवढा. ‘वाडीची वाघीण, विश्वविजेती कु. अश्लेषा वामनराव लांजेवार हिचे हार्दिक अभिनंदन’. वर हात उंचावलेली लीस. मागची खरी अश्लेषा जागा पुरेना म्हणून कापून टाकली होती. तिच्या जागी, हात जोडून, शुभेच्छुक चंद्रभान.

अश्लेषाचा धाकटा भाऊ अंकित कॉलेजातून येताना नाक्यावर थबकला. घरी येऊन म्हणाला, ‘‘बाबा, ते फ्लेक्सवर दीदी नाही.’’

‘‘माहीत हाय.’’

‘‘मग?’’

‘‘चूप बस.’’

लोकांना शंका आल्या नाहीत असं नाही. एका बाईने रुख्मिणीला भाजीबाजारात गाठून विचारलं, ‘‘अवं, पोरीचे पाय येवढे गोरे कसे झाले?’’ रुख्मिणीने भेंडी निवडता निवडता सांगितलं, ‘‘तिकडे ऊन नाही ना.’’ मग ती घरी आली आणि वामनरावांशी दोन दिवस बोलली नाही. एकाने वामनरावांना विचारलं की पोरगी उंचही झाली काय. ते म्हणाले, फोटो खालून काढलाय.

अश्लेषाला यातलं कुणी काही कळवलं नाही. अंकितला ताकीद होती. आणि वाडी कुठे, हॉलंड कुठे. फ्लेक्स उन्हात विटेल, वाऱ्यात फाटेल, विषय मिटेल, असा वामनरावांचा हिशेब होता. पण पुढच्या फेब्रुवारीत विदर्भात महिलांची चार टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत भरवायचं ठरलं. पहिला टप्पा नागपूरचा. बाहेरचे बारा संघ येणार, त्यांत अश्लेषाचा. शर्यत अमरावती रोडने जाणार आणि वाडीतूनच परत येणार. ही बातमी कळताच चंद्रभानने विटलेला फ्लेक्स उतरवला आणि तस्साच नवा कोरा लावला. या वेळी स्वतःचा फोटो थोडा मोठा केला.

संघ शहरातल्या सदर भागातल्या हॉटेलात उतरला. शर्यतीच्या आदल्या सकाळी सहाही जणी रस्ता बघायला सायकली घेऊन निघाल्या. अश्लेषा सर्वांत पुढे. हे आमचं विद्यापीठ, हा इथला उतार, इथे कुत्री येतात, असं मोठ्याने सांगत ती चालली होती. वाडी नाक्यावर मागून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला.

लीस रस्त्याच्या कडेला उभी होती आणि मान वर करून पाहत होती.

‘‘ॲश,’’ ती म्हणाली, ‘‘ही मी आहे.’’

अश्लेषाने वर पाहिलं. ‘‘हो,’’ ती म्हणाली.

‘‘किती छान! तुमच्या गावाने माझा एवढा मोठा फोटो लावलाय? आणि खाली काय लिहिलंय?’’

अश्लेषाला खोटं बोलता आलं असतं, लीसला देवनागरी कुठे येत होती. पण तिला सुचलंच नाही.

‘‘माझं नाव.’’

लीसने एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा अश्लेषाकडे.

‘‘आणि हे मिशीवाले गृहस्थ?’’

‘‘ते आमचे चंद्रभानकाका.’’

‘‘तेही शर्यतीत होते?’’

बाकीच्या मुली सायकलींवर वाकून हसू लागल्या. अश्लेषाला मात्र रडू येईल असं वाटत होतं. ती सगळ्यांना घेऊन घरी गेली. रुख्मिणीने सहा सायकली अंगणात पाहिल्या आणि न बोलता आत जाऊन तव्यावर पोळ्या टाकायला लागली. वामनराव दुकानातून धावत आले. लीस दारात उभी होती. तिला पाहून ते जागच्या जागी थिजले, कारण तो चेहरा रोज जाता-येता नाक्यावर त्यांच्याकडे पाहत होता.

‘‘बाबा, तुम्हाला माहीत होतं ना, ते मी नाही म्हणून?’’ अश्लेषाने विचारलं.

‘‘होतं.’’

‘‘मग सांगितलं काहून नाही?’’

‘‘कसं सांगू वं?’’ वामनराव खाटेवर बसले. ‘‘सांगून सांगून थकलो मी. पोरगी पानी देते म्हनलं का लोक हासतेत. वारा आडवते म्हनलं का म्हनतेत, वारा कोनी आडवते का. त्या दिवशी कोनी हासलं नाही. मले बरं वाटलं.’’

‘‘तुम्हाला माझी लाज वाटते?’’

‘‘लाज?’’ त्यांनी एकदम मान वर केली. ‘‘लाज काहून वाटन? त्यायचं हासनं मले आवडत नाही, बस.’’

 अश्लेषा आत निघून गेली. लीसला मराठी कळत नव्हती, पण एवढं कळलं की काहीतरी दुखलं आहे. दुपारी हॉटेलवर परतल्यावर तिने अश्लेषाकडून सगळं काढून घेतलं, पुन्हा एकदा पोटभर हसली आणि मग म्हणाली, ‘‘ऐक. उद्या परतीच्या वाटेवर, वाडीच्या आधी, तू पळ.’’

‘‘मी?’’

‘‘तू एकटी पुढे पळालीस की बाकी संघ घाबरतील. तुझा पाठलाग करून ते दमतील, मी मागे आरामात बसेन. डावपेच म्हणून उत्तम आहे. आणि तुझी वाडी तुला सगळ्यांच्या पुढे बघेल. फोटो खरा होईल.’’

‘‘आणि मला कुणी पकडलंच नाही तर?’’

लीस हसली. ‘‘तर मग तुझ्या चंद्रभानकाकांना तिसरा फ्लेक्स करावा लागेल.’’

प्रशिक्षकालाही डाव पटला. त्या रात्री अश्लेषाला नीट झोप लागली नाही. आजवर शेकडो शर्यतींत ती कुणाच्या तरी पुढे राहिली होती, ती त्यांना वारा लागू नये म्हणून. स्वतःसाठी पुढे जायचं असतं तेव्हा कसं वाटतं, हे ती विसरून गेली होती.

शर्यतीच्या दिवशी वाडीतल्या गोदामांना अघोषित सुट्टी होती. ट्रक पोलिसांनी आधीच वळवले होते आणि ड्रायव्हर, हमाल, दुकानदार, शाळेतली पोरं, सगळे दोरामागे दाटीवाटीने उभे होते. दोर वामनरावांच्या दुकानातले. चंद्रभानने ढोल वाजवणाऱ्यांचा संदल बोलावला होता, झेंडूचा हार आणला होता, आणि नाक्यावर फ्लेक्सच्या बरोबर खाली मोक्याची जागा धरली होती. वामनराव आणि रुख्मिणी त्याच्या शेजारी. अंकित मोबाइलवर शर्यत बघून मोठमोठ्याने सांगत होता.

‘‘दीदी पळाली! दीदी एकटीच समोर हाय!’’

चंद्रभानने संदलवाल्यांना खूण केली. वामनरावांनी मान वर करून फ्लेक्सकडे पाहिलं.

अश्लेषा तेव्हा बाजारगाव मागे टाकून येत होती. समोर पोलिसांची मोटारसायकल आणि मोकळा रस्ता. मागचा घोळका दिसत नव्हता. वारा थेट तोंडावर होता, पण आज तो तिला लागत नव्हता म्हणा, किंवा लागत होता आणि आवडत होता. लहानपणापासून पाठ असलेला रस्ता. कुठे खड्डा बुजवलाय, कुठे टोल नाक्यानंतर रस्ता हलकेच खाली उतरतो, सगळं तिच्या पायांना ठाऊक होतं. कानातल्या यंत्रात प्रशिक्षक म्हणाला, ‘‘अंतर वाढतंय. जा, ॲश, जा.’’ आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की आज कदाचित.

वाडीचं पहिलं गोदाम दिसू लागलं तेव्हा कानात वेगळाच आवाज आला. लीसचा.

‘‘पंक्चर. पुढचं चाक.’’

मग प्रशिक्षक, ‘‘आमची गाडी घोळक्याच्या बरीच मागे आहे. बाकीच्या चौघी मागे सुटल्यात. लीस, थांबू नकोस, तशीच हळूहळू येत राहा.’’

तो अश्लेषाला काहीच म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं असंही नाही. ती पुढे होती, जिंकूही शकत होती. तिला थांब म्हणायचा धीर कुठल्याच प्रशिक्षकाला झाला नसता. पण शर्यत चार टप्प्यांची होती आणि चारही दिवसांची वेळ मिळून निकाल लागणार होता. लीस आज पाच मिनिटं मागे पडली की उरलेल्या तीन दिवसांना काही अर्थ नव्हता. अश्लेषाने पायडल मारता मारता याचा विचार केला. नाक्यावरचा संदलचा आवाज आता कानावर येऊ लागला होता. लोक तिचं नाव ओरडत होते. आईची हिरवी साडी दिसली.

तिने ब्रेक दाबले आणि बरोबर नाक्यावर, फ्लेक्सखाली, उतरली.

क्षणभर वाडीला काही कळलं नाही. मग चंद्रभानला कळलं. ‘‘जिंकली! जिंकली रे!’’ तो ओरडला, दोर ओलांडून धावला आणि झेंडूचा हार त्याने तिच्या गळ्यात घातला. संदल दणाणला. कुणी फटाक्यांची लड पेटवली.

‘‘काका, बाजूले व्हा!’’ अश्लेषा ओरडत होती. ‘‘शर्यत सदरले संपते! बाजूले व्हा!’’ आणि गळ्यातल्या हाराशी झटापट करत ती स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक काढत होती.

‘‘अवं, चाक काहून काढून राहिली?’’ रुख्मिणी घाबरून म्हणाली.

तेवढ्यात घोळका आला. साठ-सत्तर मुली, रंगीत सदरे, चाकांचा सूंऽऽ आवाज, आणि बघता बघता पुढे निघूनही गेल्या. सगळ्या वाडीने माना इकडून तिकडे वळवल्या. अश्लेषा हातात चाक धरून उलट्या दिशेला बघत उभीच. मग लीस आली, बसक्या चाकावर खडखडत, चेहरा लाल. दोघींत एक शब्द झाला नाही. अश्लेषाने तिचं चाक काढलं, आपलं बसवलं, तिच्या कमरेला हात लावून पंधरा-वीस पावलं धावत तिला ढकललं, आणि लीस घोळक्यामागे सुसाट निघून गेली.

अश्लेषा परत आली. बिनचाकाची सायकल, हातात हवा गेलेलं चाक, गळ्यात हार. संदल केव्हाच थांबला होता. फटाक्यांची लड तेवढी नियमाने वाजत राहिली आणि तीही संपली.

‘‘आपलं चाक दुसरीले देलं?’’ चंद्रभान म्हणाला. ‘‘सगळ्याइच्या समोर होती! पयली होती! अन् चाक देऊन टाकलं?’’

लोकांत कुजबुज सुरू झाली. एक ड्रायव्हर हसला. ते हसू ऐकलं आणि वामनराव दोराखालून वाकून रस्त्यावर आले. माणूस मितभाषी, दुकानातही गिऱ्हाइकाशी मोजकं बोलणारा. पण त्या दिवशी त्यांचा आवाज पार गोदामांपर्यंत गेला.

‘‘चंद्रभान, ते वर हाय ना, हात वर करून, ते माही पोरगी नाही. आता गेली ना ते गोरी, ते हाय ते. मी खोटं बोललो होतो. माही पोरगी हे हाय.’’

सगळ्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली. पायांच्या रंगाचं कोडं सुटल्याने मागच्या एका बाईने ‘‘तरीच!’’ म्हटलं.

‘‘आता आयका. सहा जनी जातेत, एकीले जिंकवतेत. ते गोरी शेवटच्या घडीले सगळ्याइत जोरात पळते, पन तोपर्यंत तिले दम ठेवा लागते. वाऱ्यात एकटी चालली त अर्ध्या रस्त्यात खल्लास. म्हनून अशू तिच्यासमोर राह्यते. मांगच्या वर्षी डोंगरावरच्या शर्यतीत हे सत्तर किलोमीटर समोर होती, पावसात, एकटी. त्याच्या आंधी त्या दगडी रस्त्यावर पडली, कोपर फुटलं, उठली अन् पानी घेऊन गेली. मी पाह्यलं. सगळ्या शर्यती पाह्यतो मी, दुकान बंद करून, आतल्या खोलीत. जे गोरी जिंकली ना, ते हिच्याशिवाय जिंकत नसते. ते सोता म्हनते, टीव्हीवर म्हनते.’’

अश्लेषा वडिलांकडे बघतच राहिली. डोंगरावरची ती शर्यत तिने घरी कधी सांगितलीही नव्हती. रुख्मिणी तर तोंडाला पदर लावून उभी होती. दुपारी दुकान का बंद असतं याबद्दल तिचे काही वेगळेच संशय होते.

चंद्रभानने तिच्या हातातल्या चाकाकडे पाहिलं. ‘‘म्हंजे,’’ तो म्हणाला, ‘‘हिचं काम हारायचं हाय?’’

‘‘हो. असंच समज.’’

‘‘अन् याचा पगार भेटते?’’

‘‘भेटते. दर महिन्याले.’’

‘‘हारून पगार!’’ चंद्रभानने कौतुकाने डोळे विस्फारले. ‘‘बाप्पा! हे त लयच भारी नोकरी हाय गा!’’

आणि हसू फुटलं, पण या वेळी त्यात वामनरावही होते. तोवर संघाची गाडी आली, मेकॅनिकने उडी मारून दुसरं चाक बसवलं आणि अश्लेषा निघाली. हार काढायचं राहूनच गेलं. झेंडूच्या पाकळ्या रस्त्याभर उडवत ती सदरला पोचली तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि माणसं मंडप सोडायला लागली होती. लीस घोळका गाठून तिसरी आली होती, पण एकत्र पोचणाऱ्यांना एकच वेळ देतात, त्यामुळे पहिलीच्या आणि तिच्या वेळेत काही फरक नव्हता. उरलेले तीन दिवस शाबूत होते.

लीसने तिला मिठी मारली. मग हळूच विचारलं, ‘‘थांबली नसतीस तर जिंकली असतीस का?’’

‘‘माहीत नाही,’’ अश्लेषा म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. पुढे कित्येक महिने, सरावाला एकटी असली की ती ते अंतर मनातल्या मनात मोजून बघे. कधी ती जिंके, कधी विद्यापीठाच्या चढावर पकडली जाई.

संध्याकाळी चंद्रभानने अख्ख्या संघाला जेवायला बोलावलं. लीसने आल्या आल्या त्याच्याकडे एक मागणी केली: तो फ्लेक्स तिला हवा होता. तिच्या आईच्या गोठ्याची एक भिंत रिकामी होती. चंद्रभान एवढा खूश झाला की त्याने ताबडतोब माणसं पाठवून फ्लेक्स उतरवला, वामनरावांच्या दोराने बांधला आणि संघाच्या गाडीत ठेवून दिला. हॉलंडमधल्या गायी आता आपलं तोंड बघणार, हे तो पुढे वर्षभर सांगत होता.

जेवणात मुलींसाठी साधं वरण-भात होतं. पण संघाची मदतनीस मारीके, जी मुलींना रस्त्यात खाणं-पिणं पुरवायची, तिला चंद्रभानने आग्रह करकरून जहाल तिखट सावजी रस्सा वाढला. तिने तोही आनंदाने दोनदा घेतला. सकाळी ती खोलीतून बाहेर येऊ शकली नाही.

दुसरा टप्पा काटोलच्या रस्त्याने होता. प्रशिक्षक डोकं धरून बसला, कारण चढावर बाटल्या द्यायला माणूस नव्हता. अश्लेषा म्हणाली, ‘‘माझे बाबा देतील.’’ आयोजकांकडून परवानगी आली, वामनरावांना संघाचा नारिंगी टी-शर्ट घातला, आणि त्यांच्या पोटावर तो कसा दिसतो हे रुख्मिणीने त्यांना तोंडावर सांगितलं. बाटली कशी धरायची, हात कसा लांब करायचा, मुलीने हात लावला की कशी सोडायची, हे त्यांना दोनदा समजावलं. ते मान डोलवत राहिले.

उन्हात, संत्र्याच्या बागेच्या कुंपणापाशी, वामनराव दोन्ही हातांत बाटल्या घेऊन उभे राहिले. घोळका चढावर आला. पहिली बाटली लीसने अलगद उचलली आणि ओरडली, ‘‘थँक यू, बाबा!’’ वामनराव त्यात जरा भांबावले. मग अश्लेषा आली. तिने हात पुढे केला, बाटली धरली, पण बाटली काही सुटेना. वामनरावांनी ती घट्ट पकडली होती आणि ते तिच्याबरोबर चढावर धावायला लागले होते, पायांतल्या चपला फटफटत.

‘‘बाबा, सोडा!’’

‘‘नीट धरलं ना वं?’’

‘‘धरलं, धरलं! सोडा आता, मी पडीन!’’

त्यांनी सोडली. अश्लेषा डुगडुगली, सावरली, बाटली दातात धरून तिने चढाचं वळण घेतलं आणि लीसच्या पुढे जाऊन वाऱ्याला लागली. वामनराव कमरेवर हात ठेवून धापा टाकत रस्त्यातच उभे राहिले, मागून येणाऱ्या गाडीने हॉर्न दिला तरी.